गाडी ऑइल पिते तेव्हा



गाडी पेट्रोल खाते आणि ऑइल पिते, असं आपल्याकडं म्हणतात. खाण्याबद्दल कुणी लाजत नाही. "आमची गाडी फार खाते हो," असं लोक चारचौघांत मोठ्यानं सांगतात. पण पिण्याची गोष्ट निराळी. घरातला माणूस पितो म्हटल्यावर जसा आपला आवाज खाली येतो, तसाच गाडी पिते म्हटल्यावर मालकाचा आवाज खाली येतो. गॅरेजमध्ये असा मालक आधी चहा मागवतो, पावसापाण्याचं बोलतो आणि निघता निघता हळूच म्हणतो, "जरा ऑइल कमी होतंय, बघा बरं." त्या 'जरा'मध्ये किती लिटर असतं, ते शोधणं हेच मेकॅनिकचं काम.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए. इंजिनीअरिंगशी माझा संबंध नाही. पण माझे अब्बा एसटीत चालक होते आणि माझ्या भाच्याचं गॅरेज आहे, त्यामुळं ग्रीसचा वास आमच्या घराला नवा नाही. अब्बा सकाळी आगारातून गाडी ताब्यात घेताना आधी ऑइलची काडी ओढून बघत, चिंधीनं पुसत, पुन्हा बुडवत, पुन्हा बघत आणि मगच सीटवर चढत. आम्हा पोरांना त्यांनी ड्रायव्हिंग शिकवायच्या आधी ती काडी वाचायला शिकवलं. अलिफ-बे आणि ग-म-भ-नच्या बरोबरीनं आम्ही ती दोन खुणांची लिपी शिकलो.

उर्से हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाच्या टोलनाक्यावर वाचलं असेल. त्या नाक्याच्या मागं एक जुनं गाव आहे, भातखाचरं आहेत, कारखाने आहेत आणि बैलगाडा शर्यतींचं वेड असलेली माणसं आहेत. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा रस्ता २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला आणि त्या रस्त्याबरोबर आमच्या भागात एक नवा आवाज आला. रविवारी सकाळी, उजाडता उजाडता, मुंबईच्या किंवा पुण्याच्या बाजूनं स्पोर्ट्स कार येतात. लोणावळ्यात नाश्ता करून परत जातात. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाची वेगाची स्पर्धा होऊ लागली, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांना परदेशी गाड्यांची नावं बैलांच्या नावांसारखी तोंडपाठ झाली.

या गाड्या नव्या असतात तेव्हा त्यांचे फोटो निघतात. त्या जुन्या झाल्यावर काय होतं, हे फारसं कुणी बघत नाही. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेलं उदाहरण घेतो. सचिन तेंडुलकरनं २००२ मध्ये डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाट कंपनीच्या वतीनं त्याला फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट मिळाली. तिच्या किल्ल्या मायकेल शूमाकरनं दिल्या. पुढं आयातशुल्क माफ करण्यावरून वाद झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी शुल्क कंपनीनं भरलं. हे सगळं वर्तमानपत्रांत भरभरून आलं. २०११ मध्ये सचिननं ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. पण या गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल आपण कधी काही वाचलं का? तिचं इंजिन ३.६ लिटरचं, आठ सिलिंडरचं. पूर्ण जोर येतो तो मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांवर, म्हणजे सेकंदाला एकशे चाळीसहून जास्त फेऱ्या. या इंजिनाचे टायमिंग बेल्ट गाडी कितीही कमी चालली असली तरी साधारण तीन वर्षांनी बदलावेत, असं वेळापत्रक सांगतं. गाडी झाकून ठेवली तरी रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही. बेल्ट चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि लाखांचं इंजिन भंगारात जातं. तेव्हा गाडीची किंमत विकत घेताना एकदा द्यावी लागते आणि तिचा मान राखायची किंमत दर वर्षी द्यावी लागते.

आता मुख्य विषयाकडं, ऑइलकडं येतो. आपल्या मराठीत त्याला फार सुंदर शब्द आहे, वंगण. बैलगाडीच्या दांडीला पूर्वी वंगणाचं नळकांडं लटकवलेलं असे. चाक कुरकुरायला लागलं की गाडीवान उतरून आसाला वंगण देई. मोटारीच्या इंजिनात हेच काम सेकंदाला शेकडो वेळा, आपल्या डोळ्यांआड चालू असतं. फक्त इथं वंगणाला चार कामं असतात. धातूवर धातू घासू न देणं, हे पहिलं. पिस्टनसारख्या जागी पाणी पोचत नाही, तिथली उष्णता वाहून नेणं, हे दुसरं. काजळी आणि धातूचा चुरा धुऊन फिल्टरपर्यंत नेणं, हे तिसरं. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यातली बारीक फट भरून काढणं, हे चौथं. म्हणूनच ऑइल काळं झालं म्हणजे ते वाईट, असं समजू नका. काळं ऑइल म्हणजे काम केलेलं ऑइल. धुणं धुतल्यावर पाणी गढूळ होतंच.

हे ऑइल कमी कुठून होतं? वाटा दोनच. एक तर ते बाहेर गळतं, नाही तर आत जळतं. गळती शोधायला कसलंही यंत्र लागत नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकायचा आणि सकाळी बघायचा. पुठ्ठा कोरडा असेल आणि काडीवरची पातळी तरीही उतरत असेल, तर ऑइल जळतंय. जळतं तेही मुख्यत्वे दोन ठिकाणी. पिस्टनला साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरून ठेवतात आणि खालची ऑइल रिंग भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. वेळेवर ऑइल न बदललेल्या इंजिनात ही खालची रिंग कार्बननं चिकटून बसते किंवा झिजते. मग ऑइल वर राहतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. दुसरी जागा म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरची रबरी सील. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं ती कडक होतात आणि वरचं ऑइल दांडीवरून थेंब थेंब आत उतरतं. टर्बो असलेल्या गाडीत आणखी एक वाट असते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेऊ शकतो, तोही ऑइलवरच तरंगत असतो आणि त्याचं सील गेलं की तिथूनही ऑइल निसटतं.

मात्र थोडं ऑइल जळणं हा आजार नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवं. हजार किलोमीटरला एक लिटर म्हणजे किलोमीटरला एक मिलिलिटर, म्हणजे सुमारे वीस थेंब. ताशी शंभर किलोमीटरनं गाडी एक किलोमीटर जायला छत्तीस सेकंद घेते. इंजिन तीन हजारांवर फिरत असेल, तर तेवढ्यात अठराशे फेऱ्या होतात. अठराशे फेऱ्यांत वीस थेंब! अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत आणि काहींच्या पुस्तिकांत एक लिटरपर्यंत ऑइल गेलं तरी चालेल, असं लिहिलेलं असतं. जोरात फिरणारी स्पोर्ट्स इंजिनं तर साध्या गाडीपेक्षा जास्त पितात. माझदा कंपनीच्या आरएक्स मालिकेतल्या रोटरी इंजिनांत आतली सील भिजती ठेवायला ऑइल मुद्दाम मोजून सोडलेलं असतं आणि ते जळतंच. ती गाडी ऑइल पीत नसेल, तरच काळजी करायची.

सगळ्यांत धोक्याचा असतो तो न बघणारा मालक. साध्या मोटारीत काडीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत बहुधा लिटरभराचं अंतर असतं. हजार किलोमीटरला एक लिटर पिणाऱ्या गाडीत आज वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरलं, तर हजार किलोमीटरनंतर ते खालच्या खुणेवर येतं. आणि सर्व्हिसिंगची तारीख असते दहा हजार किलोमीटरवर! मधले नऊ हजार कुणाच्या भरवशावर काढायचे? डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो लागेपर्यंत आतलं बरंच काही घासून गेलेलं असतं. तो लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करायचं. "पुढच्या फूडमॉलवर बघू," असं म्हणायचं नाही.

आता एक हकिगत सांगतो. भाच्याच्या गॅरेजमध्ये दोनेक वर्षांपूर्वी एक काका गाडी घेऊन आले. पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. गाडी दोन दारांची, टर्बो बसवलेली, परदेशी बनावटीची आणि वीस वर्षांची. तिचं नाव सांगत नाही, कारण त्यात तिचा दोष काही नव्हता. काकांनी ती निवृत्तीच्या पैशांतून हौसेनं सेकंडहँड घेतली होती. आता गुडघे दुखत होते, इतक्या खाली बसायचं आणि उठायचं जमत नव्हतं. म्हणून त्यांनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईकही ठरलं होतं. उर्से गावचाच एक मुलगा, एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणारा. लहानपणापासून हायवेच्या कुंपणाला टेकून या गाड्या बघत मोठा झालेला. पाच वर्षं साठवलेले पैसे, त्यात जमिनीच्या पैशातला आपला वाटा घातलेला. घरचे नाराज होते, पण मुलगा हट्टाला पेटला होता.

गाडी ऑइल पीत होती आणि निळा धूर सोडत होती. काकांनी आधी दुसऱ्या एका गॅरेजला दाखवली, तर तिथं "रिंगा गेल्या, पूर्ण इंजिन उतरवावं लागेल, दीड लाख," असं सांगितलं गेलं. इतका खर्च विकायच्या गाडीवर कोण करील? तेव्हा काका भाच्याला म्हणाले, "तू एवढंच कर. जाड ऑइल टाक, वर ते धूर दाबायचं औषध टाक. महिनाभर धूर दिसला नाही म्हणजे झालं."

ही युक्ती बाजाराला नवी नाही. जाड ऑइल झिजलेल्या फटींतून कमी निसटतं, धूर दबतो आणि इंजिनाचा खडखडाटही कमी होतो. पण बारीक वाटांसाठी घडवलेल्या इंजिनात ते जाड ऑइल गार असताना वरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि टर्बोसारखी नाजूक जागा तेवढा वेळ कोरडी फिरते. भाचा गप्प राहून हात पुसत होता. मी तिथंच खुर्चीवर चहा पीत बसलो होतो. माझ्याकडं बघून तो म्हणाला, "मामू, धूर दाबता येतो. पण पोरगं घाटात जाणार. तिथं कोण दाबणार?" मग काकांकडं वळून म्हणाला, "काका, मला पंधरा दिवस आणि हजार किलोमीटर द्या. गाडीला काय झालंय, ते आधी बघू. मग विका, नाही तर ठेवा."

काकांना ते आवडलं नाही. ठरलेलं गिऱ्हाईक हातचं जाईल, ही भीती होती. पण फुकट तपासणीला नाही म्हणणं अवघड गेलं, म्हणून ते राजी झाले.

भाच्यानं काय केलं, ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणालाही ते करता येईल. त्यानं सपाट जागेवर गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून, ऑइल वरच्या खुणेपर्यंत बरोबर भरलं. खुणेच्या वर नाही. जादा ऑइलही घातक असतं. फिरता क्रँक त्याला घुसळून फेस करतो आणि फेसाला दाब धरत नाही. मग दोनशे पानांची एक वही घेतली. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर आणि पातळी लिहिली. पुढं दर दोनशे किलोमीटरला काडी बघून नोंद केली आणि लागेल तेवढं ऑइल मापानं मोजून घातलं. हजार किलोमीटरला सव्वा लिटर गेलं. पुठ्ठा मात्र कोरडा राहिला. म्हणजे ऑइल जळत होतं.

पुढची परीक्षा आमच्या बोरघाटानं घेतली. या बाबतीत आमचा घाट मोठ्या यंत्राइतका उपयोगी आहे. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना रस्ता पाचशे मीटरहून जास्त खाली येतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, गाडी गिअरमध्ये ठेवून उतरलं, की इंजिनात जोराची ओढ तयार होते. व्हॉल्व्हची सील कडक झालेली असतील, तर ती ओढ वरचं ऑइल आत खेचते. खाली सपाटीला आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की मागं निळ्या धुराचा लोट सुटतो आणि थोड्या वेळात विरतो. याउलट रिंगा गेल्या असतील, तर घाट चढताना, इंजिनावर भार असताना धूर निघत राहतो. भाचा पुढं काकांच्या गाडीत आणि मागून त्याचा शागीर्द दुसऱ्या गाडीतून बघत. उतरून सपाटीला लागताना लोट सुटला. परत चढताना मागं स्वच्छ होतं. नंतर त्यानं प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. चारही जवळजवळ सारखे आणि चांगले निघाले. म्हणजे रिंगा शाबूत होत्या. सील कडक झाली होती आणि त्यात भर म्हणून इंजिनातली वाफ बाहेर काढणारा छोटा व्हॉल्व्ह तुंबला होता. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकललं जातं.

बऱ्याच इंजिनांत ही सील इंजिन न उतरवताच बदलता येतात. स्पार्क प्लगच्या छिद्रातून सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह वरच्या वर धरून ठेवायचे आणि एकेक सील काढायचं. किचकट आणि वेळखाऊ काम, पण दीड लाखाचं नव्हे. सील, तो छोटा व्हॉल्व्ह, योग्य जातीचं ऑइल आणि फिल्टर, मजुरीसकट सोळा हजारांत झालं. पुढच्या हजार किलोमीटरला तीनशे मिलिलिटर गेलं. वीस वर्षांच्या टर्बो इंजिनाला एवढं चालतं.

त्यानंतर भाच्यानं त्या मुलाला बोलावलं आणि काकांच्या समोरच वही त्याच्या हातात दिली. सव्वा लिटरचं पानही त्यात होतं. काकांचा चेहरा उतरला. मुलानं वही सगळी वाचली. मग विचारलं, "चाचा, आता घेऊ का नको?" हा प्रश्न त्यानं भाच्याला सोडून मला का विचारला, कुणास ठाऊक. पांढरी दाढी बघून असेल. मी म्हटलं, "बाळा, गाडी घ्यायची का नको, ते तुझ्या आईला विचार. पण घेतलीस तर वहीसकट घे." व्यवहार झाला. किंमत थोडी उतरली. काकांना आधी ते लागलं, पण दीड लाख घालण्यापेक्षा हे बरं, हे त्यांनाही कळत होतं. नंतर तेच लोकांना सांगू लागले, की मी गाडी फसवून नाही विकली. भाच्याला त्या मोठ्या कामाचे पैसे सुटले नाहीत, हे खरंच आहे. त्याचं घर गॅरेजवरच चालतं, तेव्हा ही गोष्ट छोटी नाही. पण तो मुलगा आता दर सहा महिन्यांनी येतो आणि येताना कारखान्यातल्या दोघातिघांच्या गाड्या घेऊन येतो.

स्पोर्ट्स कारवाल्यांचा एक ठरलेला युक्तिवाद असतो. "वर्षात दोन हजार किलोमीटरसुद्धा चालली नाही, मग ऑइल कशाला बदलायचं?" पण कमी चालणारी गाडी ऑइल जास्त लवकर खराब करते. गार इंजिन सुरू करून दोन किलोमीटर नेली आणि बंद केली, की आत जमलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही. ते ऑइलमध्ये मिसळून राहतं. लोणावळ्याच्या पावसाळी हवेत तर बघायलाच नको. म्हणून किलोमीटर कितीही असोत, वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलावा. ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावलेलं ब्रेक ऑइल घाटात तापलं की उकळतं आणि ब्रेकचा पाय खाली जातो. ते दोन वर्षांनी बदलावं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसली तरी ते वर्ष बघावं. टर्बो गाडी घाट चढून आल्या आल्या चिक्कीच्या दुकानासमोर फटकन बंद करू नये. शेवटची दोन-चार मिनिटं सावकाश चालवावी, म्हणजे टर्बोमधलं ऑइल तापून करपत नाही.

ऑइल कोणतं घालायचं, हे पुस्तिकेत बघावं. डब्यावरचे आकडे सोपे आहेत. '५ डब्ल्यू ३०' लिहिलं असेल, तर डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. पहिला आकडा जितका लहान, तितकं ऑइल गार असताना पातळ. दुसरा आकडा जितका मोठा, तितकं ते तापल्यावर जाड. जुन्या फियाटला २० डब्ल्यू ५० मानवायचं. तेच नव्या इंजिनाला द्यायला गेलं तर ते गुदमरतं. आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर खुश होऊ नका. आत पेट्रोल किंवा पाणी मिसळलेलं असतं. काडीवर दुधाच्या कॉफीसारखा रंग दिसला, की गाडी चालू करू नये, उचलून न्यावी.

कायद्याचंही थोडं सांगतो. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाली आणि वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ती आणखी वाढली. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना पर्यावरण कर वेगळा आहे. पन्नास वर्षं पूर्ण झाल्यावर 'व्हिंटेज' म्हणून मान मिळतो. म्हणजे पंधरा ते पन्नास हा पस्तीस वर्षांचा काळ गाडीनं आपल्या बळावर काढायचा. ती ना नवी, ना वारसा. या काळात तिला वाचवतं ते नियमित सर्व्हिसिंग आणि तिची वही. ऑइल जाळणारी गाडी पीयूसीला अडकते. ऑइलची राख धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करते आणि तो निकामी झाला की गाडीपेक्षा त्याचाच खर्च जड होतो.

शेवटचा मुद्दा काढलेल्या ऑइलचा. जळकं ऑइल हा कायद्यानं घातक कचरा आहे. तरीही ते गटारात, शेताच्या बांधावर, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, असं कुठंही ओतलं जातं. आमच्याकडं एका बाजूला इंद्रायणी आणि दुसऱ्या बाजूला पवना. पिंपरी-चिंचवडची लाखो माणसं पवनेचं पाणी पितात. पाण्यावर ऑइलचा थेंब किती दूर पसरतो, ते पावसाळ्यात कुठल्याही पेट्रोल पंपासमोर दिसतं. भाच्याच्या गॅरेजमध्ये एक निळं पिंप आहे. त्यात ऑइल साठवतात आणि परवाना असलेला माणूस येऊन घेऊन जातो. आपल्या गॅरेजमध्ये असं पिंप आहे का, एवढं विचारायला हरकत नाही. मेकॅनिकला राग येत नाही. उलट गिऱ्हाईक जाणतं आहे, हे त्याला कळतं.

तुमची गाडी स्पोर्ट्स कार असायची गरज नाही. जुनी मारुती असो, जीप असो, मोटारसायकल असो, आत पिस्टन आहे तोवर हे सगळं तिलाही लागू आहे. उद्या सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बॉनेट उघडा. काडी ओढा, पुसा, पुन्हा बुडवा आणि बघा. मुलगा किंवा मुलगी जवळपास असेल तर हाक मारा आणि त्यांच्याकडूनच वाचून घ्या. मग एका वहीत तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.